कैफियत आणि हजेरीपट

ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या शनिवार पेठेतील एका बोळात, जेथे पूर्वी दोन चौकांचा वाडा होता आणि आता लिफ्ट असलेली चार मजल्यांची इमारत उभी आहे, तेथे तळमजल्यावर एक अभ्यासिका चालते. प्लायवुडच्या आडोशांनी एकमेकींपासून तोडलेल्या साठ-सत्तर खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे एक दिवा, भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी आणि तिच्याखाली, शहराच्या शिरस्त्याप्रमाणे, शांतता न राखल्यास काय होईल याचा सविस्तर खुलासा, असा तिचा थाट आहे. बसणाऱ्यांत बहुसंख्य मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची. परंतु खिडकीलगतच्या रांगेत गेली काही वर्षे पाच-सहाजण निराळ्या पंथाचे दिसतात. त्यांच्या पिशवीतून स्टेथोस्कोपची नळी डोकावते, समोर बहुपर्यायी प्रश्नांचे जाडजूड संग्रह उघडे असतात, आणि ज्या प्रहरी ते तेथे बसलेले असतात त्या प्रहरी, कागदोपत्री तरी, ते कोठल्या ना कोठल्या रुग्णालयात आंतरवासी म्हणून तैनात असतात. तीस-बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना ‘मेडिसिन’ हा विषय शिकवून निवृत्त झालेल्या आणि याच पेठेत राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाला रोज ही खिडकी ओलांडावी लागते. ही मुले आळशी खासच नाहीत, पहाटे सहाला येऊन रात्री अकराला जाणाऱ्यास आळशी कोण म्हणेल. मग रुग्णाच्या खाटेपासून उठून ती या आडोशात का येऊन बसली, हे कोडे मात्र रोज नव्याने पडते.

या कोड्याचा विचार विद्यार्थ्याच्या बाजूने पुष्कळांनी केला आहे, रुग्णाच्या बाजूने वर्तमानपत्रे अधूनमधून करतात, परंतु शिकवणाऱ्याच्या बाजूने तो क्वचितच झालेला आढळतो. वैद्यकाचा अध्यापक म्हणजे भरपूर पगाराचा, अंमळ तिरसट, राउंडच्या वेळी मागे मुलांचा लोंढा घेऊन चालणारा गृहस्थ, एवढीच त्याची लोकप्रतिमा. वस्तुतः त्याचे खरे काम एका जुन्या दरबारी शब्दात सांगता येण्यासारखे आहे. रुग्ण आपल्या दुखण्याची कैफियत घेऊन येतो. ती ऐकावयाची कशी, तिच्यातले गाळावयाचे काय, राखावयाचे काय आणि न सांगितलेले ओळखावयाचे कसे, हे दुसऱ्यास शिकवणे म्हणजे वैद्यक शिकवणे. बाकीचे ग्रंथांतून मिळते. आणि आजच्या अध्यापनाची मुख्य व्यथा, माझ्या मते, ही आहे की या कैफियतीसाठी राखलेला वेळ हळूहळू हजेरीपटाने व त्याच्या असंख्य भावंडांनी गिळून टाकला आहे.

शिकवण्याची ही विवंचना आपल्याकडे आजची नाही. सुश्रुताने शस्त्रकर्माच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला असून, शिष्याने छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर, वेधाचा अभ्यास कमळाच्या देठावर आणि भेदनाचा पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर करावा, असे तो सांगतो. आज लाखो रुपये खर्चून उभारलेल्या कौशल्य-प्रयोगशाळेत सिलिकॉनचा हात टोचणाऱ्या विद्यार्थ्याचा तो सरळ पूर्वज होय. चरकाने ज्ञानसाधने तीन मानली, अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्या विद्येतल्या जाणत्यांशी चर्चा. शिकवणे हाही स्वतः शिकण्याचा एक मार्ग आहे, ही गोष्ट आमच्या वेतनश्रेणी ठरवणाऱ्यांच्या ध्यानी आली असती तर बरे झाले असते.

इंग्रजी अमलात मुंबईस १८२६ साली सर्जन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची शाळा निघाली आणि त्यांनी वैद्यकाची पुस्तके मराठीत उतरवण्याचा खटाटोपही केला. परंतु १८३२ मध्ये ती बंद झाली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले ते जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयास जोडूनच, म्हणजे वर्ग आणि खाट यांची फारकत करावयाची नाही, हे तत्त्व आरंभीच मान्य झाले होते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीने उभारलेले रुग्णालय १८६७ सालचे. त्याच्या आश्रयाने १८७१ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिला पुढे बैरामजी जीजीभॉय यांचे नाव मिळाले, आणि १९४६ साली तिचे पदवी महाविद्यालय झाले. त्याच्या आरंभकाळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. भा. बा. दीक्षित यांनी प्राचार्यपद सांभाळले. हेच दीक्षित १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे, भारती विद्यापीठाचे १९८९ चे. आणि अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, महानगरपालिकेनेही मंगळवार पेठेतील कमला नेहरू रुग्णालयाच्या आधाराने आपले महाविद्यालय चालू केले. आमच्या पेठेपासून सायकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत इतकी गुरुकुले असलेली शहरे देशात फार नसावीत.

या इतिहासातला एक मधला अध्याय मात्र पुस्तकांत फारसा नाही, तो पेठांच्या स्मरणात आहे. तो म्हणजे मानद अध्यापकांचा काळ. सकाळी शनिवार-नारायण-सदाशिवातल्या आपल्या घरून निघावयाचे, शनिवारवाड्याच्या तटाखालून जुन्या बाजाराच्या रस्त्याने ससूनला पोहोचावयाचे, दुपारपर्यंत वॉर्डात रुग्ण तपासावयाचे व मुलांना शिकवावयाचे, आणि संध्याकाळी वाड्याच्या ओसरीवरच्या दवाखान्यात पोटापाण्याचा धंदा करावयाचा, असा त्यांचा क्रम. मानधन नाममात्र, मिळत असे ती प्रतिष्ठा आणि शिष्यपरंपरा. ही पद्धत निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. कित्येकांचे लक्ष संध्याकाळच्या दवाखान्याकडेच अधिक असे, आणि अमुक साहेबांच्या युनिटला चिकटल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. तथापि तिच्यात एक गुण असा होता, की शिकवणारा माणूस रोज स्वतःच्या हिमतीवर रुग्ण तपासत असल्यामुळे त्याचे शिकवणे कधी शिळे होत नसे. पूर्णवेळ वेतनी अध्यापकांची व्यवस्था आली, व्यवसायरोध भत्ता आला, बदल्या आल्या. नियमितपणा वाढला, परंतु त्याबरोबर कचेरीही वॉर्डात शिरली.

आता या पूर्णवेळ अध्यापकाचा एक दिवस पाहू. आठ वाजता दीडशे ते अडीचशे मुलांचे व्याख्यान; नऊला बाह्यरुग्ण विभाग, जेथे रांग दारापासून जिन्यापर्यंत गेलेली असते आणि एका रुग्णास चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ देणे म्हणजे मागच्या पन्नास जणांशी वैर धरणे होय; त्यातच दहा वाजता वॉर्डात ‘क्लिनिक’ घ्यावयाचे असते. पंधरा-वीस मुले एका खाटेभोवती उभी राहतात, पुढच्या चौघांना दिसते, त्यांच्या मागच्यांना ऐकू येते, आणि सर्वांत मागचे भिंतीला टेकून भ्रमणध्वनीवर उद्याच्या चाचणीची टिपणे वाचतात. दुपारी प्रात्यक्षिके, सेमिनार, निवासी डॉक्टरांच्या प्रबंधाची दुरुस्ती, औषध खरेदीची समिती, रॅगिंगविरोधी समिती (राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि समितीही असलीच पाहिजे), मृत्युपरीक्षण सभा, न्यायालयाचे समन्स. संध्याकाळी टेबलावर विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांचा ढीग सह्यांसाठी वाट पाहत असतो. यांत संशोधनही करावे, कारण बढती शोधनिबंधांच्या संख्येवर अवलंबून. घरी पोहोचल्यावर भ्रमणध्वनी वाजतो तो निवासी डॉक्टरचा : “सर, दहा नंबरच्या पेशंटला परत धाप लागलीय.”

सर्वांत अवघड गोष्ट यांपैकी कोणतीच नव्हे. ती भाषेची आहे, आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. पुस्तके इंग्रजी, व्याख्यान इंग्रजी-मराठीची भेळ, रुग्ण मात्र मावळ-मुळशीचा, दौंड-इंदापूरचा किंवा पर्वतीच्या पायथ्याचा. सरकारी महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय वाट्यातून भरल्या जात असल्यामुळे केरळ, राजस्थान, बिहार येथून आलेली हुशार मुले वॉर्डात उभी असतात आणि समोरची बाई सांगते, “मला दिवस गेलेत.” मूल वहीत लिहिते की रोगिणीचे काही दिवस वाया गेले आहेत. दुसरी सांगते, “हाताला मुंग्या येतात,” तेव्हा एकाने खाटेखाली खरोखरच मुंग्या शोधल्याचे प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिले आहे. ‘अंगावर जाते’ हे दोन शब्दांचे क्रियापद ज्याला कळले नाही त्याला स्त्रीरोगाचे निम्मे प्रश्न कळले नाहीत.

परंतु परप्रांतीयांनाच हसण्यात अर्थ नाही. शहरी मराठी मुलांची गतही फार निराळी नसते. एकट्या ‘चक्कर’ या शब्दाचा विचार करा. “घर फिरतंय” म्हणणाऱ्याचा बिघाड बहुधा कानाच्या आतल्या तोलयंत्रात असतो; “उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते” म्हणणाऱ्याचा रक्तदाब उभे राहताना उतरत असावा; “चालताना तोल जातो” म्हणणाऱ्याच्या लहान मेंदूकडे वा पायांच्या संवेदनेकडे पाहिले पाहिजे; आणि “डोकं कसंसंच होतं” म्हणणारीचे दुःख कित्येकदा शरीरात नसून घरात असते. भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणे, भिरभिरणे हे आपल्या भाषेने फुकट दिलेले निदानशास्त्र आहे, आणि विद्यार्थी ते सर्व ‘गिडीनेस’ या एका खोक्यात टाकून मेंदूचे चित्र काढावयास पाठवतो. तीच गोष्ट दम, धाप, उबळ आणि कासाविशीची. रुग्ण नेमके बोलत असतो. ऐकणाराच ढोबळ ऐकतो. ही नेमकी मराठी शिकवण्याची तजवीज अध्यापकाने आपल्या वेळात, आपल्या हौसेने करावयाची. नव्या अभ्यासक्रमाने आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे काही तास ठेवले आहेत खरे, पण त्यांत ‘तुमचे नाव काय’ व ‘कोठे दुखते’ यांपलीकडे फारसा प्रवास होत नाही. सगळे वैद्यक मराठीत शिकवावे की काय, हा वाद मी येथे उकरीत नाही. मध्य प्रदेशात २०२२ पासून हिंदी पुस्तकांचा प्रयोग चालू आहे, त्याचे काय होते ते दिसेल. रुग्णाची भाषा समजणे ही त्याहून निराळी आणि अधिक तातडीची बाब आहे.

पहिल्या वर्षाच्या अध्यापकांकडे वळल्यास तेथे रुग्ण नाही, मृतदेह आहे, आणि तोही पुष्कळ काही शिकवतो. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह महाविद्यालयांस मिळण्याची कायदेशीर वाट करून दिली. अलीकडे मात्र स्वेच्छेने देहदान करणाऱ्या कुटुंबांनी चित्र पालटले आहे. आमच्या पेठेत अशी वृद्ध जोडपी आहेत, की ज्यांनी देहदानाचा अर्ज भरून तो देवघराच्या खणात, विम्याच्या कागदांशेजारी ठेवला आहे. फॉर्मलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असताना अठरा वर्षांच्या मुलास प्रथम कोणते वाक्य सांगावे, यावर शरीररचनेचे अध्यापक जितका विचार करतात तितका विचार पुढे क्वचितच कोणी करतो. आता बहुतेक ठिकाणी विच्छेदनापूर्वी मृतदेहापुढे शपथ घेण्याची प्रथा पडली आहे, आणि मला ती पडद्यावरच्या त्रिमितीय देहाहून मोलाची वाटते.

संख्येच्या प्रश्नास मात्र बगल देता येत नाही. २०१४ च्या सुमारास देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये व पदवीच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत महाविद्यालये साडेसातशेच्या आणि जागा एक लाख दहा हजारांच्या पुढे गेल्या. महाराष्ट्रात एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशिम, जालना आदी दहा ठिकाणच्या नव्या सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोलीच्या मुलीस गडचिरोलीत डॉक्टर होता यावे याला विरोध कोण करील? प्रस्तुत लेखक तर मुळीच नाही. परंतु इमारत अठरा महिन्यांत बांधता येते, प्राध्यापक तयार व्हावयास पदवीनंतर दहा-पंधरा वर्षे लागतात, हा हिशेब कोणत्याही फडणिसास कळावा असा आहे. परिणामी एका ठिकाणचे अध्यापक दुसऱ्या ठिकाणी तात्पुरते रुजू करून तपासणीची वेळ निभावणे, कंत्राटी नेमणुका, वर्षानुवर्षे रिक्त राहणारी पदे, हे प्रकार या खात्यात नवलाचे राहिलेले नाहीत. माझ्या उमेदवारीच्या काळात एका महाविद्यालयात निरीक्षणाच्या आदल्या रात्री रिकाम्या खाटांवर धडधाकट माणसे निजवलेली मी पाहिली आहेत, सकाळी त्यांतल्या एकाने मला विचारले, “साहेब, आम्हाला काय झालंय म्हणून सांगायचं?” अध्यापनाचा इतका प्रामाणिक प्रश्न मला नंतर कोणी विचारला नाही.

असल्या प्रकारांस आळा घालण्याच्या सद्हेतूनेच हजेरीपटाचे राज्य आले. भारतीय वैद्यक परिषद जाऊन सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आधारशी जोडलेली बोटाच्या ठशांची हजेरी आली, आणि मग २०२५ मध्ये चेहरा दाखवून हजेरी देण्याचे फर्मान निघाले. अध्यापक इमारतीत आहे, एवढे आता निर्विवाद सिद्ध होते. त्याआधी, २०१९ पासून, क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, आणि त्याबद्दल बोलताना न्याय करावयास हवा, कारण त्यातला विचार चांगला आहे. पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख, वृत्ती-नीती-संवाद यांचे स्वतंत्र धडे, ज्यांस मुले ‘एटकॉम’ म्हणतात, आणि पुढे खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे विचारपूस करण्याची योजना, हे सर्व आमच्या पिढीस मिळाले असते तर आम्ही कमी उर्मट डॉक्टर झालो असतो. परंतु या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याच्या क्षमतांची यादी सुमारे तीन हजारांवर नेली, त्यांतल्या शेकडो क्षमता नोंदवहीत तारखेनिशी, सहीनिशी उतरल्या पाहिजेत असे ठरवले, आणि अडीचशे मुलांमागे अध्यापक मात्र पूर्वीचेच ठेवले. मग ‘दुःखद वार्ता सांगण्याचे कौशल्य’ या मथळ्याखाली एका दुपारी साठ सह्या होतात. मूल कौशल्य शिकले की नाही, हे त्या सहीखेरीज कोणासच ठाऊक नसते.

खाटेजवळच्या अध्यापनाचे महत्त्व जगाने काही नव्याने शोधलेले नाही. विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून वॉर्डात आणले, १९१० च्या फ्लेक्सनर यांच्या अहवालाने त्यास शास्त्रीय बैठक दिली, आणि आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने त्यापुढे जाऊन डॉक्टर समाजात वाढला पाहिजे असे सांगितले. त्या दिशेने महाराष्ट्रात मनापासून चाललेला प्रयोग म्हणजे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामास काढलेले महाविद्यालय, जेथे पहिल्या वर्षाची मुले खेड्यात मुक्कामास जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने वढू येथे सत्तरीच्या दशकात उभारलेले ग्रामीण केंद्रही याच जातकुळीचे. परंतु ही उदाहरणे उदाहरणेच राहिली, नियम झाली नाहीत, आणि त्याचे कारण परीक्षा.

पूर्वीच्या परीक्षेत ‘लाँग केस’ हा राजा होता. एक रुग्ण, पाऊण-एक तास, आणि समोर दोन परीक्षक. तिच्यातही अन्याय होता. परीक्षेसाठी वर्षानुवर्षे बोलावले जाणारे ठरावीक रुग्ण असत, ज्यांना आपल्या हृदयाच्या झडपेचे इंग्रजी नाव पाठ असे आणि गरीब चेहऱ्याच्या मुलास ते हळूच सांगूनही टाकत. त्यावर उपाय म्हणून डंडीच्या हार्डेन यांनी १९७५ मध्ये सुचवलेली ठाण्याठाण्यांची परीक्षा आली. ती अधिक न्याय्य आहे, किंचित यांत्रिक आहे. परंतु आज विद्यार्थ्याचे भवितव्य या दोहोंपैकी कशावरच ठरत नाही. ते ठरते पदव्युत्तर प्रवेशाच्या बहुपर्यायी परीक्षेवर. त्या परीक्षेत रुग्ण बोलत नाही. चार ओळींत त्याची कैफियत आधीच साफसूफ करून, निदान जवळजवळ उघडे ठेवून, छापलेली असते. एका वर्षाच्या आंतरवासितेचा जो काळ खरोखर डॉक्टर होण्याचा, तोच या परीक्षेच्या तयारीचा ठरल्यावर शहाणे मूल काय करील? ते अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेईल. त्यास वॉर्डात न आल्याबद्दल रागावणारा अध्यापकही स्वतःच्या मुलास घरी हेच सांगत असतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

रागावण्यावरून आठवले. आमच्या गुरुजनांची शिकवण्याची एक रीत अपमान ही होती. सर्वांसमोर, रुग्णासमोर, एखाद्या मुलास “तू घरी जाऊन दुकान सांभाळ” असे म्हणावयाचे आणि ते मूल रात्रभर जागून तो विषय जन्मात न विसरण्याइतका पाठ करी, अशी त्या रीतीची समर्थने आम्ही पुष्कळ वर्षे केली. प्रस्तुत लेखकानेही ती रीत चालवली आहे, आणि ज्या मुलांवर ती चालवली त्यांपैकी काहींनी रुग्णांशी पुढे तशाच स्वरात बोललेले ऐकल्यावर ती टाकली. छत्तीस छत्तीस तास सलग काम करणारा निवासी डॉक्टर हाच कनिष्ठ विद्यार्थ्याचा प्रत्यक्षातला खरा अध्यापक असतो. प्राध्यापक दिवसात तासभर, तो अष्टौप्रहर. त्याला झोप मिळते की नाही, हा त्यामुळे अभ्यासक्रमाचाच प्रश्न आहे, तो केवळ संपाच्या वेळी आठवावयाचा नव्हे.

निवृत्तीनंतर संध्याकाळी तासभर मी घराखालच्या खोलीत जुजबी दवाखाना उघडतो. गेल्या पावसाळ्यात अभ्यासिकेतला एक मुलगा, नांदेडकडचा, शेजारच्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारा, ताप दाखवावयास आला आणि तेव्हापासून अधूनमधून, खुर्चीचे भाडे वाया घालवून, माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसू लागला. परवा ओंकारेश्वराच्या बाजूच्या एक आजी आल्या. “चक्कर येते,” म्हणाल्या. मी मुलाकडे पाहिले. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “आजी, घर फिरतं, का डोळ्यांपुढे अंधारी येते?” आजी विचारात पडल्या. “अंधारीच रे,” त्या म्हणाल्या, “पूजा आटोपून पाटावरून उठले की.” त्याने त्यांना बाकावर निजवून रक्तदाब घेतला, मग उभे करून पुन्हा घेतला, पारा तीस मिलिमीटरने उतरला होता. “नवी गोळी कधी सुरू केली?” असे त्याने विचारताच आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि लघवी होण्याच्या गोळ्यांचे अर्धे संपलेले पाकीट, माझ्याकडे न पाहता, त्याच्या हातात दिले.